अंजू म्हणजे काय

नागपूरच्या प्रताप नगरात सावजी जेवण हवं असलं की लोक अंजू बारापात्रेचं नाव सांगत. तिचं हॉटेल नव्हतं, बोर्डही नव्हता. घराच्या मागच्या खोलीत दोन शेगड्या, दगडी पाटा आणि मसाला भाजायची काळीभोर लोखंडी कढई, एवढाच कारभार. दुपारी डबे जायचे, संध्याकाळी ऑर्डरी. नवरा संजीव गांधीबागेत कापडाच्या दुकानात सेल्समन होता. दोघंही कोष्टी. दोघांच्याही बापांनी जन्मभर हातमाग चालवले. आता संजीव गिरणीच्या साड्यांच्या घड्या मोडून गिऱ्हाइकांपुढे टाकायचा आणि अंजू रांधायची.

तिचा एक कायदा मात्र पक्का होता. दारूच्या पार्टीची ऑर्डर ती घेत नसे. "मटणाचा रस्सा अन् बाटली नाही, असं कुठं असते का वहिनी?" म्हणून लोक हसायचे. ती कारण सांगायची नाही. "मग दुसरीकडे पाहा," एवढंच म्हणायची.

पावसाळा सरत आला तेव्हा भैय्याजी तिच्याकडे आला. हा आसपासचे फ्लॅट भाड्यानं लावून देण्याचं काम करायचा. बुटीबोरीच्या एका नव्या कारखान्यात मशिनं बसवायला कोरियाचे इंजिनीअर आले होते, त्यांना त्यानं दोन गल्ल्या सोडून एक मोठा फ्लॅट दिला होता.

"वहिनी, हॉटेलचं खाऊन ते लोक कंटाळले. संध्याकाळी जाऊन तिथंच रांधून दे."

"त्यायले आपलं तिखट झेपन का गा भैय्याजी?"

"अवं, ते आपल्याहून तिखट खातात. मिरची नुसती दाताखाली धरतात."

"पितात का?"

भैय्याजीनं कान खाजवला. "शिकलेले लोक आहेत. मले तर कधी दिसलं नाही."

अंजू तयार झाली. परदेशी माणसांना आपला रस्सा आवडतो का, हे बघायची तिला मनातून हौस होती.

पहिल्या संध्याकाळी तिनं घरूनच मसाला वाटून नेला, कढईही आपलीच नेली. मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, भात आणि बेसनाची पाटोडी केली. टेबलाशी चार पुरुष आणि एक तरुण बाई बसली होती. पहिल्या घासाबरोबरच नाकाला पाणी सुटलं, कपाळं घामेजली, तरी माणसं वाट्या पुढं करत राहिली. अंजू दाराशी उभी राहून बघत होती आणि तिला आतून फार बरं वाटत होतं.

त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर होते ते छोईसाहेब. त्यांनी अंगठा वर करून दाखवला आणि इंग्रजीत तिचं नाव विचारलं. एवढं इंग्रजी तिला कळत होतं.

"अंजू," ती म्हणाली.

चौघेही पुरुष एकदम हसत सुटले. एकानं मांडीवर थाप मारली. छोईसाहेबांनी डोळे पुसले. सगळ्यात लहान दिसणाऱ्यानं हवेतच पेला उचलल्यासारखं केलं, तो तोंडाला लावला, रश्श्याच्या वाटीकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे दाखवलं आणि म्हणाला, "अंजू! अंजू!" पुन्हा हशा.

ती तरुण बाई त्यांच्या भाषेत काहीतरी करड्या आवाजात बोलली. हसणं थांबलं. पण तोवर अंजूनं पिशवी उचलली होती. ती निघून आली, कढई तिथल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरच राहिली.

घरी आली तेव्हा तिची सासू सखूबाई टीव्हीपुढे लसूण सोलत होती. संजीव नुकताच दुकानातून आला होता. अंजूनं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चिरकला, त्याचाच तिला जास्त राग आला.

"अवं, नावाचं काय घेऊन बसली," संजीव म्हणाला. "परदेशी लोक. कायलेही हसतात."

"ते माया नावाले हसले. पेला दाखवून हसले. काहून?"

मग अंजूच्या लक्षात आलं की मयुरी काहीच बोलत नाहीये. मयुरी म्हणजे तिची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपासून ती मोबाइलवर कोरियन मालिका बघायची. आधी खालचं इंग्रजी वाचून बघायची, मग त्यांची अक्षरंच शिकली. आरशापुढे उभी राहून एकटीच त्यांच्यासारखी बोलायची. एरवी या विषयावर तिचं तोंड बंद होत नसे.

"तुले माहीत आहे," अंजू म्हणाली.

"सोड ना आई."

"सांग."

मयुरीनं सखूबाईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "त्यांच्या भाषेत तो एक शब्द आहे. अंजू म्हणजे..." ती थांबली. "म्हणजे चखणा. दारूसोबत खातात ना, ते."

संजीवला हसू आलं होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. अंजू मागच्या खोलीत गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

तिला काय झालं ते त्या घरात पुरतं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिचं माहेर उमरेडचं. बाप चंपतराव कसबी विणकर होता, बारीक सुताचं काम त्याच्यासारखं गल्लीत कोणाला जमत नसे. पण मागाचं काम कमी होत गेलं तशी त्याची दारू वाढत गेली. संध्याकाळी मागाच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर त्याची मंडळी जमायची. आणि आतल्या अंजूला हाक यायची, "अंजू, चखणा!" ती आठ-नऊ वर्षांची असेल. आई तिच्या हातात ताटली द्यायची, कांदा, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, कधी काही, कधी काही. ती वास सहन करत ओट्यावर जायची, ताटली ठेवायची आणि पळून यायची. बापाच्या मित्रांना तर गंमतच झाली होती. रस्त्यात भेटली तरी म्हणायचे, "काय वं अंजू चखणा?" शाळेतली पोरंही तसंच म्हणायला लागली. लग्न होऊन नागपूरला आली तेव्हा तिला सगळ्यात मोठा आनंद झाला होता तो याचा, की इथं हे दोन शब्द एकत्र कोणी उच्चारत नव्हतं.

आणि आता समुद्रापलीकडून आलेली माणसं तेच सांगत होती. जणू तिचं नाव मुळातच तसं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भैय्याजीला फोन करून सांगितलं, मी येत नाही. त्यानं खूप विनवलं. ती बधली नाही.

रविवारी सकाळी सखूबाई समोरच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. फाटकाशी ती कोरियन बाई उभी राहिली. एका हातात घासून लख्ख केलेली अंजूची कढई, दुसऱ्या हातात फळांची पिशवी. इथं यायच्या आधी ती पुण्याला राहिलेली होती, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायची. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला.

"नमस्ते. मैं सुजी."

सखूबाईनं सूप खाली ठेवलं. "काय?"

"सुजी. मेरा नाम. सुजी."

"मयुरी!" सखूबाईनं आत हाक मारली. "हे बाई सूजी म्हणते. रवा पाहिजे का वं हिले?"

मयुरी धावत बाहेर आली. पाहुणीला बघून, आजीचं ऐकून तिला जे हसू सुटलं ते आवरेचना. सुजी बिचारी गोंधळून दोघींकडे बघत राहिली. शेवटी मयुरी आत गेली, रव्याचा डबा घेऊन आली आणि तिच्यापुढे धरून कोरियन भाषेत काहीतरी म्हणाली. सुजीनं डब्यात बघितलं. चिमूटभर रवा उचलून बोटांवर चोळला.

"ये? ये मैं?"

"हाव," सखूबाई म्हणाली. "याचा उपमा होते, शिरा होते, लाडूही होतात."

मयुरीनं भाषांतर केलं. सुजी पायरीवरच बसली आणि पोट धरून हसायला लागली. सखूबाईही हसत सुटली, इतकी की तांदळाचं सूप कलंडता कलंडता राहिलं.

हे सगळं अंजू आतून ऐकत होती. तिला बाहेर यायचं नव्हतं. पण सासू इतकी हसताना तिनं पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं, म्हणून ती दारापर्यंत आली.

सुजी उठून उभी राहिली. हसू तिच्या चेहऱ्यावर अजून सांडलेलं होतं. "दीदी," ती म्हणाली, "वो लोग भी ऐसे ही हँसे थे. जैसे माताजी अभी हँसीं."

"ऐसे नहीं हँसे," अंजू म्हणाली.

आणि मग काय झालं कोण जाणे, पायरीवर बसून तिनं ते सगळं सांगून टाकलं. आधी हिंदीत, मग हिंदी अपुरं पडलं तेव्हा आपल्या बोलीत. ओटा, ताटली, हाका, शाळेतली पोरं. मयुरी भाषांतर करता करता मध्येच थांबायची, कारण तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. सखूबाईनं तांदूळ बाजूला सारून सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

सुजीनं रव्याचा डबा पुढं ओढला आणि पंजा पसरून रव्यावर ठेवला.

"आन," ती म्हणाली, आणि पंजानं रवा खाली दाबला. "आन मतलब ऐसे. दबाना. जू मतलब शराब." तिला पुढचं हिंदीत येईना. ती मयुरीशी भराभर बोलली आणि मयुरी सांगू लागली.

तो शब्द फार जुना आहे. दारूला दाबून धरणारं, वर येऊ न देणारं ते अंजू. सुजीचे वडील एका बंदरात जहाजांच्या वेल्डिंगचं काम करायचे. दिवसभर आगीपुढे काम, संध्याकाळी मित्र आणि बाटली. सुजीची आई कधी बाटली लपवायची नाही, कारण लपवली तर ते बाहेर जाऊन प्यायचे. ती टेबल भरून टाकायची. मासे, कढण, भाज्या, अंड्याचे पोळे. माणसाचं पोट भरलं की पेला आपोआप मागं सरतो, असं तिचं म्हणणं होतं. 'रिकाम्या पोटी दारू माणसाला खाते, अंजू असलं की माणूस जेवतो,' असं ती लहान सुजीला सांगायची.

"आणि माझ्या नावाचं म्हणाल," मयुरी सुजीच्या वतीनं पुढं म्हणाली, "तर सु म्हणजे उत्तम आणि जी म्हणजे शहाणपण. आजोबांनी ठेवलं. ते आज इथं असते तर रवा ऐकून काय म्हणाले असते, कोण जाणे."

अंजूला थोडंसं हसू आलं. पण ती मान हलवत म्हणाली, "अर्थ चांगला आहे तुमचा. पण माया बापाले कुठं दाबलं त्या चखण्यानं? तो तर दारूतच गेला."

सुजी चहा पिऊन गेली. जाताना सखूबाईनं तिला शिऱ्यासाठी पुडीभर रवा बांधून दिला.

पुढच्या दोन-तीन दिवसांत अंजू कामात असूनही कामात नव्हती. भाकरी करपली, डब्यांची अदलाबदल झाली. शेवटी संजीव म्हणाला, "तुया मायले जाऊन भेटून ये ना एकदा. मी डबे बंद ठेवतो म्हणून सांगतो सगळ्यायले."

उमरेडची एसटी तिला जुन्या स्टॉपवरच सोडून गेली. आई मनकर्णा थोरल्या मुलाकडे, भूपेशकडे राहायची, त्याच जुन्या घरी. मागाची खोली आता मोकळी होती. मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातलेली, आणि फरशीवर भूपेशची मोटारसायकल. मनकर्णा खाटेवर बसून जवस पाखडत होती. लेकीला अचानक आलेली बघून घाबरली.

"काय झालं वं? जावईबापू बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत, माय." अंजू तिच्याशेजारी टेकली. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग तिनं विचारलंच. "माय, बाबाची मंडळी बसे तेव्हा ताटली घेऊन मलेच काहून पाठवे वं तू? दादाले काहून नाही पाठवलं?"

मनकर्णाचे हात थांबले. "आता हे काय काढलं?"

"सांग ना."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. ओट्याकडे बघत म्हणाली, "तुले काय वाटते, त्यायच्या मौजेसाठी पाठवो मी? दिवसभर उपाशी मागावर बसे तो. सकाळची भाकर तशीच राहे. अन् संध्याकाळी नुसतीच पोटात ओते. मी जेव म्हटलं तर ताट फेके. एक-दोन खेपी लागलंही मले." तिनं कपाळावरच्या जुन्या वणाला हात लावला. अंजूला वाटायचं तो वण विहिरीवर पडल्याचा आहे. "मंग मी म्हटलं, चखण्याच्या नावानं खाईन. म्हणून फुटाण्याखाली थालपीठ घालो, उकडलेलं अंडं घालो, कधी कांद्यात भाकरच चुरो. अन् तुया हातानं पाठवो. तू ठेवली का खाये. दादानं नेलं तर हात नाही लावे."

"माया हातानंच काहून?"

"तुले आठवत नाही? तू आली का पेला मागं लपवे तो. सगळे हसत त्याले. पण लपवे. तू जाईपर्यंत खात राहे. मी दाराच्या फटीतून पाहो."

अंजूला आठवत नव्हतं. तिला हाका आठवत होत्या, वास आठवत होता, पळत परत येणं आठवत होतं. बापाचा हात कुठं असायचा, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. ती तर मान खाली घालून जायची.

"मंग वाचला काहून नाही?" तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

"नाही वाचला," मनकर्णा म्हणाली. "भाकरीनं सगळंच होते का बाई? डॉक्टरनं तर तू शाळेत होती तेव्हाच हात वर केले होते. पण तुया लग्नात उभा राहिला ना तो? अक्षता टाकल्या ना? तेवढं मिळालं."



"पण मी लहान होती वं माय," अंजू म्हणाली. "लोक मले काय काय म्हणत."

"हो. लहान होती." मनकर्णानं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "मले समजे. पण दुसरं कोणीच नव्हतं माया जवळ. तूच होती."

तिनं माफी मागितली नाही, आणि अंजूला ती हवीही नव्हती. आईचा हात खरखरीत आणि गरम होता. ती तो धरून बसली.

निघायच्या आधी तिनं आणखी एक विचारलं. "माय, मायं नाव कोणं ठेवलं?"

"त्यानंच. मी म्हणत होती कौसल्या ठेवू, माया सासूचं. तो गांधीबागेत साड्यांचे गठ्ठे घेऊन जाये. तिथं गुलाबचंद म्हणून एक व्यापारी होता. एकदा हिशोब चालू असताना त्याची लेक दुकानात आली. तर म्हणे, तो माणूस सगळं सोडून उठला अन् म्हणाला, 'आओ अंजू बेटा.' तुया बाप घरी येऊन मले म्हणे, मनकर्णा, इतक्या गोड आवाजात मले कोणं कधी हाक नाही मारली. पोरगी झाली तर हेच नाव ठेवीन. अर्थ-बिर्थ काही माहीत नव्हता त्याले. त्याले तो आवाज आवडला होता."

परतीच्या बसमध्ये अंजू खिडकीशी बसली होती. बाहेर कापसाची शेतं मागं जात होती. आपल्या नावाचे गेल्या काही दिवसांत तिला इतके अर्थ कळले होते, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. शाळेतल्या पोरांचाही नव्हता. पण बापानं घरी येऊन आईला सांगितलेलं ते वाक्य तिनं पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितलं. आओ अंजू बेटा. तो स्वतः तिला तशी हाक मारत असेल का, ती अगदी तान्ही असताना? मारत असेल. तिला तसं वाटू लागलं.

त्या आठवड्यात तिनं भैय्याजीला निरोप दिला, मी येते, पण माझ्या अटीवर. अट कोरियन भाषेत सांगायची म्हणून मयुरीकडून ती दोन शब्द शिकली. 'बाप मन्जो.' म्हणजे आधी जेवण.

"जेवणाले बाप म्हणतात?" अंजूनं विचारलं.

"हो. भाताले, जेवणाले. बाप."

"बरं आहे," अंजू म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटली.

फ्लॅटचं दार उघडलं तेव्हा चौघेही पुरुष रांगेत उभे होते. सुजीनं त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. सगळे एकदम कमरेत वाकले. हवेतला पेला उचलणारा तो पोरगेला इंजिनीअर सगळ्यात खाली वाकला. छोईसाहेबांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "माफ़ कीजिए, अंजू दीदी." पुढं ते सुजीमार्फत म्हणाले की, त्यांच्याकडे ज्या घरी चांगलं अंजू मिळतं त्या घरी माणसं लांबून येतात, म्हणून त्या रश्श्याच्या पहिल्या घासानंतर हे नाव ऐकून त्यांना हसू आलं. पण ते चुकलं.

अंजूनं पदर खोचला, टेबलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाप मन्जो."

हसू की नको अशा पेचात सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग तीच हसली, आणि सगळे मोकळेपणानं हसले. तेव्हापासून ताटं रिकामी झाल्याशिवाय त्या टेबलावर बाटली आली नाही. पुढं पुढं तर बऱ्याचदा ती आलीच नाही, कारण अंजूच्या जेवणानंतर कोणाच्या पोटात जागा उरत नसे. बाहेरच्या दारूपार्ट्यांची ऑर्डर मात्र ती अजूनही घेत नाही.

मयुरीला फॅक्टरीतून फोन यायला लागले. गोदामातल्या माणसांचं आणि साहेबांचं पटत नसलं की तिला मध्ये बोलायला लावायचे. पुढं तिनं त्या भाषेच्या परीक्षेचा फॉर्म भरला. संजीवला सुरुवातीला ते खूळ वाटलं, पण गांधीबागेत दुकानातल्या सगळ्यांना त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

दिवाळीत मनकर्णा लेकीकडे राहायला आली. सुजीच्या आईबापांची गोष्ट अंजूनं तिला सांगितलेली होती. सुजी फराळाला आली होती. ती चकली खात असतानाच तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. सुजीनं मोबाइल फिरवून सगळ्यांना दाखवलं. पडद्यावर आखूड पांढऱ्या केसांची एक बाई हसत होती.

"हे तिची माय का?" मनकर्णानं विचारलं. "दे इकडं."

तिनं मोबाइल दोन्ही हातांनी नाकाजवळ धरला. मयुरी मध्ये बसली, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सांगायला.

"तिले विचार, तिचा माणूस आहे का?"

मयुरी जरा घुटमळली, पण तिनं विचारलं. पलीकडच्या बाईनं मागं वळून हाक मारली आणि एक वाळलेला, टकला म्हातारा हातात वाटी घेऊन पडद्यात आला. तोंडात घास होता. त्यानं मान लववली.

मनकर्णा त्याच्याकडे बघत राहिली. अंजूचा हात नकळत आईच्या खांद्यावर गेला.

"जगला," मनकर्णा म्हणाली. "बरं झालं. तिले म्हण, बरं केलं बाई तू. लय बरं केलं."

मयुरीनं सांगितलं. पलीकडची बाई हसायची थांबली. तिनं काहीतरी हळू आवाजात विचारलं.

"विचारते, आणि तुमचे यजमान?" मयुरी म्हणाली.

"तिले सांग, माया नाही जगला. पण मीही खाऊ घातलं त्याले. पुष्कळ खाऊ घातलं. तिनं काय काय घातलं, विचार बरं."

त्या बाईनं सांगायला सुरुवात केली आणि मयुरीची तारांबळ उडाली, कारण अर्ध्या पदार्थांना मराठीत नावंच नव्हती. मनकर्णा मध्येच आपलं सांगायची. जवसाची चटणी ऐकून पलीकडची बाई उठून गेली आणि बारीक, गोल, करड्या बियांची एक बरणी घेऊन आली. बरणी कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटवून तिनं विचारलं, हेच का?

मनकर्णानं डोळे बारीक करून पाहिलं. "जवस नाही हे. पण तेलाचं बी दिसते. तिले म्हण, मंद आचेवर भाज. तडतडलं का उतरव. लसूण, तिखट, मीठ घालून कूट अन् त्याले भातावर दे."

मयुरी सांगेपर्यंत पलीकडे गॅस पेटल्याचा आवाज आला. म्हातारा वाटी घेऊन शेगडीकडे सरकला.

"अवं, मंद म्हण," मनकर्णा म्हणाली, "मंद आचेवर."